भिंतीपलीकडची झोप

४ फेब्रुवारी

ती. बाबा व ती. सौ. आईस,
तुमच्या पिपाणीचा सा. न. वि. वि.

मी इकडे खुशाल. तिकडची खुशाली पत्रानेच कळवा, कारण फोन केला की आई उचलते, बाबा खाली दुकानात आहेत म्हणते आणि ठेवून देते. एवढी शिकवली ती कशाला, लिही, असं वर ऐकवते.

तर लिहिते. आपलं घर सापडलं! माझ्या शाळेच्या मागे, बस वळते तिथून आत शिरलं की दोन्ही बाजूंना बुटकी कुंपणं आणि जोडघरं आहेत. छप्पर एकच, मधे एक भिंत, अलीकडे एक कुटुंब, पलीकडे एक. आपलं डावीकडचं. आई, नीट वाच: एकही जिना नाही. उंबरा ओलांडला की घर, स्वयंपाकघराचं दार उघडलं की अंगण. ओट्यासमोर एवढी मोठी खिडकी आहे की भांडी घासता घासता तू अख्ख्या गल्लीवर नजर ठेवशील. मागे एक लांबट खोली आहे. तिला दुपारभर ऊन असतं.

विकणाऱ्या बाई एकट्या आहेत, बहिणीकडे राहायला जाणार आहेत. महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाल्या. पुढे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. त्यांची अट एकच, भिंतीपलीकडच्या नर्सबाईंना शेजार पसंत पडला पाहिजे. नर्सबाई कायम रात्रपाळीला असतात आणि दिवसा झोपतात. बाईंच्या आजारपणात त्यांनी पोटच्या मुलीसारखं केलं, म्हणून त्यांच्या उरावर कुणालाही आणून बसवायचं नाही असं बाईंनी ठरवलं आहे.

काल नर्सबाईंनी मला चहाला बोलावलं. घरात कोण कोण, काय करतात, सगळं विचारलं. मी सांगितलं की आमच्याकडे अगदी शांतता असते, वडील आता काम करत नाहीत. बोलण्याच्या ओघात गेलं. पण बाबा, त्यात खोटं तरी काय? दुकान आणि वरची खोली एकाच करारात आहेत, आणि त्याचं डिपॉझिट परत आल्याशिवाय हे घर होत नाही. म्हणजे दुकान सुटणारच. दुसऱ्यांच्या ट्रंपेटांचे पोचे आणखी किती वर्षं काढायचे? माणसाने आयुष्यभर राबल्यावर सावलीत बसून वाचावं, झाडं लावावीत. आमच्या अंगणातली माती चांगली आहे. आमच्या कुंपणाला मात्र रंग द्यावा लागेल.

दुकानाच्या मालकांना कधी कळवताय? दिवस थोडे आहेत.

लोभ आहेच, तो नव्या पत्त्यावरही यावा.
तुमची,
पिपाणी


९ फेब्रुवारी

चि. पिपाणीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. त्याला एक पोचा आहे, तो दाखवतो.

सुरुवातीला घर ‘आपलं’ आहे. आईने ते तीनदा वाचून घेतलं आणि मनाने त्या खिडकीत जाऊन बसलीसुद्धा. पुढे तू नर्सबाईंचा चहा प्यालीस आणि घर ‘आमचं’ झालं. अंगण आमचं, कुंपण आमचं. तू पदवीधर, व्याकरण तुझं. पण ‘आपलं’ म्हणालीस की त्यात मी असतो, एवढं मलाही कळतं. ‘आमचं’ म्हणालीस की तू फाटकाच्या आत आणि मी बाहेर, हातात पिशवी घेऊन.

वडील आता काम करत नाहीत, हे वाक्य मी गेल्यावर वापरायचं होतं. तू फार घाई केलीस. तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या मांडीवर एका शाळेच्या बँडचा ट्रंपेट होता. कुणीतरी त्यावर बसलं होतं. आता तो पुन्हा ट्रंपेटसारखा दिसतो. मी तो फुंकून बघितला आणि मगच दिला. न फुंकता दिलेलं वाद्य म्हणजे न चाखता वाढलेलं जेवण. दिवसभर फुंकावं लागतं, त्याला माझा इलाज नाही. कुणाची झोप मोडत असेल तर त्या घरात मी यायचं नाही, एवढाच इलाज.

मालकांना कळवलेलं नाही, कळवणारही नाही. सावलीत बसून वाचायला मला चष्मा लागतो आणि झोप येते. घर पाहिजे असेल तर दुसरं काहीतरी बघ.

तब्येतीला जप. रागावलो असलो तरी बाप आहे, हे ध्यानात असू दे.
तुझे,
बाबा

ता. क. (आईकडून) यांचं मनाला लावून घेऊ नकोस. दोन दिवस ताटावर नुसते बसून उठतात. उंबरा किती उंच आहे ते लिही.


१४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढच्या तासाला फळ्यावर काय लिहिलं ते मुलांनाच ठाऊक. बाबा, चूक झाली. मला तुम्हाला बाहेर ठेवायचं नव्हतं. पण त्या नीटनेटक्या खोलीत, कपबशी हातात धरून, मला तुमची हातोडी आणि ते फुंकणं सांगायची लाज वाटली, हे खरं आहे. ज्या हातोडीवर मी शिकले तिची. हे लिहितानाही कान तापलेत.

म्हणून संध्याकाळी तडक गेले. दोघीही अंगणात होत्या. मी खोटं बोलले हे सांगितलं. माझे वडील पितळी वाद्यं दुरुस्त करतात, मागच्या खोलीत करतील आणि दिवसभर फुंकतील, हेही सांगितलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे भाषण केलं. वस्ती म्हणजे नुसती झोपायची जागा नव्हे, कष्टाच्या आवाजाची कुणाला अडचण वाटू नये, प्रत्येकाला आपल्या घरात काम करायचा हक्क आहे, वगैरे वगैरे. कॉलेजात याला टाळ्या पडल्या असत्या.

नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू म्हणाल्या की काम त्याही करतात. दिवसा झोप झाली नाही तर रात्री त्यांचा हात चुकू शकतो, आणि त्यांचा हात चुकून चालत नाही. खरं सांगितल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले आणि नाही म्हणाल्या.

बाबा, मला वाटलं होतं समोर कुणी नाक मुरडणारी बाई असेल आणि मी तिला हरवीन. समोर थकलेली बाई होती. हरवायचं कुणाला?

विकणाऱ्या बाईंनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला निरोप धाडायचं ठरवलं होतं. मी हात जोडले तेव्हा ठरलेल्या मुदतीपर्यंत थांबते म्हणाल्या, पण शेजारणीचा होकार आला तरच. या भागात जिना नसलेलं आणि आपल्याला झेपणारं दुसरं घर नाही. मी सगळं पालथं घातलंय. आईला हे कसं सांगू? तुम्हीच सांगा. आणि एक विचारते, रागावू नका. थोडं हळू फुंकून नाही का चालणार?

उंबरा वीतभर आहे.

माया आटू देऊ नका.
तुमची,
पिपाणी


१९ फेब्रुवारी

चि. पिपाणीस आईचे आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

हे पत्र यांनी वाचलेलं नाही. समोरच्या दुकानातून पाकीट आणून मीच लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

हळू फुंका असं तू यांना विचारलंस. ते वाचून हे उठले आणि तासभर एकच कर्णा पुसत बसले. अगं, यांना हळू फुंकलेलं ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. आधी वरचे सूर गेले, मग फोन गेला. म्हणून तर पत्रं लिहायला लावतो तुला. एकदा एका बँडवाल्याने वाद्य परत आणलं, सूर चिरतोय म्हणाला. यांना कळलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी ऐकते. हे फुंकतात, मी जिन्यावरून ऐकते. बरोबर असेल तर मान हलवते, नसेल तर हात वर करते. गिऱ्हाइकासमोर चालत नाही म्हणून मी आपली फडकं घेऊन पायऱ्या पुसतेय असं दाखवते. आपला जिना सगळ्या रस्त्यात स्वच्छ आहे तो उगीच नाही.

आमच्यात यावर एक शब्द झालेला नाही. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. संसार असाच होतो, तू पुस्तकात शोधू नकोस.

गुडघ्यांचं म्हणशील, तर वरच्या खोलीत राहून त्यांना काही झालं नसतं. दर वाद्याला खालीवर करून ते गेले. खिडकी-बिडकी ठीक आहे, पण मला घर पाहिजे ते यासाठी, की हे मागच्या खोलीत बसतील आणि मी ओट्याशी उभी राहून ऐकेन. मग जोरात फुंकायची गरज काय? जिन्यापर्यंत यावं म्हणून फुंकतात एवढं.

पण हे त्या नर्सबाईंना सांगायचं म्हणजे यांच्या देखत सांगायला हवं. पाठीमागे सांगितलं तर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? तूही तेच केलंस, यांच्यामागे यांना मोडीत काढलंस. म्हणून मी यांना घेऊन येतेय. घर बघायला चला म्हणून सांगितलंय. नको नको म्हणत शर्टाला इस्त्री करून ठेवलीय. तू शाळेतच थांब. तू आलीस की भाषण होतं.

हे आयुष्यात मला एकदाही ओरडून बोलले नाहीत. त्या घरातून परत येताना काय होईल, मला ठाऊक नाही. भीती वाटते गं.

वेळेवर जेव. लोभ मागून मिळत नसतो, तो करत जा.
तुझी,
आई


२७ फेब्रुवारी

चि. पिपाणीस अनेक आशीर्वाद.

तुला आईने कळवलं असेल किंवा नसेल. माझ्याकडून ऐक.

आम्ही गेलो. आईने मला मागच्या खोलीत बसवलं, हातात ट्रंपेट दिला आणि रोजच्यासारखं फुंका म्हणाली. स्वतः नर्सबाईंना घेऊन त्यांच्या निजायच्या खोलीत गेली. मी फुंकला. दोघी परत आल्या तेव्हा नर्सबाईंचा चेहरा बघूनच मी पेटी बंद केली. म्हटलं, चला, झालं.

तेव्हा तुझ्या आईने माझ्यासमोर, दोन परक्या बायकांच्या देखत सांगून टाकलं की यांना ऐकू येत नाही.

मला उठून निघून जायचं होतं. एवढे दिवस आम्ही दोघांनी ती गोष्ट काचेच्या भांड्यासारखी घरात सांभाळली होती, आणि हिने ती सरळ जमिनीवर टाकली. मी हिच्याकडे बघितलं. ही रडत होती, पण मान वर होती. विकणाऱ्या बाई खिडकीचा पडदा सारखा करू लागल्या.

नर्सबाईंनी खुर्ची ओढली आणि बरोबर माझ्या समोर बसल्या. तोंडावर हात नाही, घाई नाही. कधीपासून, कुठला कान, आधी काय गेलं, सगळं विचारलं आणि मला एकूण एक शब्द कळला. कितीतरी दिवसांनी कुणाला तरी मी ‘काय म्हणालात’ असं न विचारता उत्तरं दिली. मग त्यांनी आईला माझ्या शेजारी उभं केलं आणि पुन्हा फुंकायला लावलं, अगदी फुंकर घातल्यासारखं. मला काहीच ऐकू आलं नाही. आईने मान हलवली. नर्सबाई आपल्या खोलीत जाऊन, दार लावून, पुन्हा एकदा ऐकून आल्या. म्हणाल्या की एवढं ऐकू येतं, पण एवढंही त्यांना दिवसा चालणार नाही. संध्याकाळी त्या ड्यूटीवर निघाल्या, की मग फुंकायचं. दिवसा हातोडी नाही, फक्त घासणं, पुसणं, जोडणं. आई माझ्या आधीच हो म्हणाली. मीही म्हणालो.

परत येताना बसमध्ये ही खिडकीकडे बघत बसली. मी हिला विचारलं की पायऱ्या पुसायचं नाटक करायला तुला सुचलं कसं. हिने सांगितलं ते बसच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि तसं मी तिला म्हणालो. पहिल्यांदाच. हिने माझ्याकडे तोंड करून पुन्हा सांगितलं. काय ते तुला लिहीत नाही.

दुकानाच्या मालकांना आज कळवलं. बाईंनीही तुला होकार कळवला असेल. सह्या करायला जाशील तेव्हा सगळं नीट वाच. शिकलीस ती त्याच्यासाठी.

दुकानाची जुनी पाटी गंजली होती, म्हणून त्या घराला लावायला नवी करायला दिली. या वेळी दोन नावं सांगितली, माझं आणि आईचं. पाटी रंगवणाऱ्याने विचारलं की वाद्यं तुम्ही दुरुस्त करता, मग या काय करतात? मी म्हटलं, ऐकतात. तो ब्रश खाली ठेवून हसायला लागला. म्हणाला की बायको ऐकते म्हणता? मग तर पाटी लावायलाच पाहिजे, लोक लांबून बघायला येतील.

त्याचं हसणं मला ऐकू आलं नाही. पण बघून मीही हसलो.

अधिक काय लिहू? घरी ये, सामान बांधायचं आहे.
तुझे,
बाबा