अक्षरखेळाची लीग आणि माझी घोडदौड

३ मार्च
आजपासून रोजनिशी. पुढे मुलाखतींत ‘हे सगळं सुचलं कसं?’ असं विचारतील, तेव्हा ऐनवेळी आठवायला नको.

आमचा अक्षरखेळ साधा आहे. पटावरची अक्षरं जोडून शब्द करायचे. लोक येतात, दोन डाव खेळतात, खूश होऊन जातात. खूश होऊन जातात, हाच प्रॉब्लेम. मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, लोकांना ॲपमध्ये थांबवायचं कसं? सगळे आपापल्या कपात बघत बसले. मी म्हणालो, स्पर्धा! माणसाला स्वतः जिंकण्यापेक्षा ओळखीचं कुणी हरलं की जास्त बरं वाटतं. मॅडम म्हणाल्या, महिनाभरात करून दाखवा, मग तुमच्या बढतीचं बोलू.

म्हणजे बढती झालीच. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं, पाय उचल, फरशी पुसतेय.

६ मार्च
डिझाइन तयार. तीस-तीस जणांचे गट, पूर्ण केलेल्या प्रत्येक डावाला एक गुण. पितळ लीग, चांदी लीग, सोनं लीग. दर रविवारी गटातले पहिले पाच वर चढणार, शेवटचे पाच खाली घसरणार.

आणि माझा हुकमी एक्का : ‘डिवचा’ बटण. दाबलं की समोरच्याला तयार टोमणा जातो; दाबून धरलं की यादीतून निवडता येतो. टोमणे मी स्वतः लिहिले. ‘झोपलात का?’ ‘एवढ्यात दमलात?’ ‘वय झालं वाटतं!’ लिहिताना मलाच हसू आवरेना. आमचा कोडर (ऑफिसात त्याला मौनीबाबा म्हणतात) हसला नाही. हे बंद कुठून करायचं, एवढंच त्याने विचारलं. मी म्हणालो, बंद कोण कशाला करेल? त्याने हेडफोन लावले.

दूरदृष्टी सगळ्यांना नसते.

१२ मार्च
चाचणी घरापासून. सासूबाई आमच्याकडेच असतात आणि रोज दुपारी अक्षरखेळ खेळतात. धाकट्या बहिणीला, म्हणजे मावशींना, फोन लावून. फोन स्पीकरवर, दोघी आपापल्या पटावर. एकीला शब्द अडला की दुसरी सांगते. मग त्या शब्दावरून कुणाची तरी आठवण निघते आणि डाव तसाच राहतो.

इतका वेळ वाया! दोघींना चांदी लीगमध्ये घातलं.

१५ मार्च
दणदणीत यश. सासूबाई दुपारभर खेळल्या. भाजी करपली, त्यांना वास आला नाही. बायको माझ्यावर चिडली. मी तिला ग्राफ दाखवला. ती आणखी चिडली.

स्पीकरवरचा फोन बंद. दोघींची एकाग्रता वाढली आहे.

१८ मार्च
छोटासा गैरसमज. ‘डिवचा’ बटणावर मी बोटाचं चित्र काढलंय. मावशींना वाटलं, ते हाक मारायचं बटण आहे. त्यांनी प्रेमाने दाबलं. सासूबाईंना मेसेज : ‘वय झालं वाटतं!’ सासूबाईंनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि यादीतला सगळ्यात तिखट टोमणा परत पाठवला : ‘हरलात! आता रडत बसा.’

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

मात्र खेळणं दुप्पट. ऑफिसात रिपोर्ट दिला : ‘वापरणाऱ्यांची तीव्र भावनिक गुंतवणूक.’ मॅडम म्हणाल्या, व्वा.

२१ मार्च
सासूबाई नीट जेवल्या नाहीत. बायकोने विचारलं तर म्हणाल्या, माहेरचं म्हणून आता आम्ही दोघीच उरलोय, आणि तिने माझं वय काढावं?

मलाही दोन घास कमीच गेले. पण वरण जरा खारट होतं.

मीसुद्धा लीग खेळतोय, लोकांना स्फूर्ती म्हणून. रविवारी चांदीतून पितळेत घसरलो. गुण मोजण्यात चूक असणार. मौनीबाबाने तपासलं. म्हणाला, चूक नाही.

२३ मार्च
बायकोने परस्पर मावशींना फोन केला. मावशी रडत होत्या. म्हणाल्या, ताईने मला रडत बस म्हणून लिहिलं गं. बायकोने सासूबाईंचा फोन उघडून टोमण्यांची यादी वाचली. ‘एवढ्यात दमलात?’वर थांबली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, हे तर मी जिना चढताना हा रोज मला म्हणतो!

फोन स्पीकरवर होताच, सासूबाई शेजारीच. मग आधी मावशी हसल्या, मग सासूबाई. बराच वेळ हसल्या. मावशी म्हणाल्या, तरीच म्हटलं, ताई इतकं कुजकं कधी बोलायची नाही. सासूबाई म्हणाल्या, जावईबापूंचं अक्षर ओळखलं नाही, पण भाषा ओळखायला हवी होती.

माझी शैली ओळखू येते, हे लेखक म्हणून सुखावणारं आहे. रात्री सासूबाईंनी दोनदा भात घेतला. मीही.

३० मार्च
काहीतरी विचित्र घडतंय. चांदी लीगमध्ये तीसच्या तीस जणांचे गुण सारखे. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. सोनं लीगमध्येही तेच. दिवसाला एक डाव खेळून सगळे गप्प. ग्राफ आडवा पडलाय.

३१ मार्च
कारण कळलं. ‘डिवचा’मध्ये मी उदार मनाने ‘स्वतःचा टोमणा लिहा’ असा रकाना दिला होता. त्यातून एक मेसेज सगळीकडे फिरतोय. मॅडमनी मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला : ‘सर्वांना नमस्कार. रोज एकच डाव खेळू या, म्हणजे सगळे सारखे राहू आणि कुणी घसरणार नाही. उरलेल्या वेळात आपापल्या माणसांना फोन करावा. कळावे, लोभ असावा.’

मॅडमनी विचारलं, हे लिहिलं कुणी? मी कपात बघत बसलो.

घरी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, मी आणि धाकटीने मिळून लिहिलं. ‘लोभ असावा’ तिचं.

३ एप्रिल
लीग बंद. टोमणे बंद. मौनीबाबाने बटण उडवलं आणि या नोकरीत प्रथमच शीळ घातली. बढतीचा विषय मॅडमनी काढला नाही. त्या कामात असतात.

नवी सोय : ‘जोडीने खेळा’. दोघांना मिळून एकच पट. एकाला अडलं की दुसऱ्याने सांगायचं, खेळता खेळता गप्पाही मारायच्या. मुळात ही माझीच कल्पना, फक्त त्यातून स्पर्धा काढली. लोक आनंदाने तासन् तास थांबतायत.

१० एप्रिल
आज स्वतः खेळून बघायचं ठरवलं. सासूबाईंना विचारलं. त्या मावशींबरोबर होत्या. म्हणाल्या, पटावर दोघांचीच जागा आहे हो. बायको तिच्या भावाबरोबर खेळत होती, तिने हातानेच थांब म्हटलं. मौनीबाबाला मेसेज केला. तो मॅडमच्या जोडीला आहे म्हणे.

हरकत नाही. ॲप आपोआप जोडीदार शोधून देतं.

चहा करून आलो. स्क्रीनवर अजून ‘तुमच्यासाठी जोडीदार शोधत आहोत’ असंच फिरतंय.

नेट स्लो असणार.