कॅप्टनची घडीची खाट

फोन उचलायचा नसेल तर खिशात बाळगतोस कशाला? मी लावते, मनस्वी लावते, तो तिकडे नुसता वाजतो. म्हणून मला कागद घेऊन बसावं लागलं.

सावर्डे, १४ मे

चि. दीपक यास आजीचा आशीर्वाद. इकडे सगळे धड आहेत. म्हशीला रेडी झाली. उरलेला आंबा माकडांनी नेला.

त्या परक्या मुलखात आपसातच माणसं मारतात, तिथे शांती राखायला गेलास आणि तुझ्याआधी तुझी काळी पेटी घरी आली. आत मच्छरदाणी, कंदील, तोंड धुवायचं कापडी भांडं, घडीची खाट. साहेबाला लढाईतही खाट लागते म्हणून मी हसले. पण खाटेचं कापड बघितलं, तर घासून घासून धुतलेलं, घरातल्या चादरीसुद्धा एवढ्या स्वच्छ नाहीत. म्हणून कोकमासाठी रातांब्यांची सालं रसात बुडवून तिच्यावरच वाळत घातली. रस ठिबकणारच की रे.

तू आलास तो अंगणाच्या बेड्यातच उभा राहिलास. खाटेखाली लाल थारोळं. तुला उलटी झाली आणि शेजारच्या सगुणासमोर मी म्हटलं, कॅप्टन कोकमाला भ्याला.

मग मनस्वी निजल्यावर चुलीपाशी बसून बोललास. तुमचा तिथला दुभाषी. तुमचं काम करतो म्हणून त्याच्याच गाववाल्यांनी त्याला गोळी घातली. डॉक्टर पोचेना, तू त्याला आपल्या खाटेवर निजवलंस.

"तो माझा हात धरून बोलत राहिला, आजी. त्याच्या भाषेत. त्याचा अर्थ मला सांगणारा तोच एक होता."

चार रात्री घरात काढल्यास आणि पाचव्या दिवशी उजाडायच्या आत पलटणीत निघून गेलास. कापड मी जाळलं. खाटेच्या नळ्या गोठ्यात आहेत. सोलं पुरली, ती कोण खाणार?

मनस्वी मला विचारते, नवरा पलंग सोडून जमिनीवर का निजतो, हात लावला की का दचकतो. तिला वाटतं तिकडे कोणी बाई आहे. तिचे वडील संगमेश्वरहून येऊन गेले. महिनाअखेर तिला घेऊन जाणार. ती कपडे बांधून ठेवतेय, मी बघतेय. मी तिला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुझ्या हातात मेलेला माणूस माझ्या तोंडून ऐकून तिला काय कळणार? म्हणेल, म्हातारी नातवाला झाकते.

मला उत्तर नको. कोणा मित्राला मध्ये घालू नकोस. मनस्वीला सांग, तिचे वडील यायच्या आत, आणि तूच सांग.

तुळसा