सगळे म्हणाले, तंबाखू लागली

आई, तू गेलीस तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. आता तुझ्या नातीला नोकरी लागलीय. ती दवाखान्यातून घरी आलीय, आत झोपलीय, आणि मला एका जागी बसवत नाही. दुधाचा हिशेब दोनदा मांडला, दोन्ही वेळा चुकला. मग तुलाच लिहायला घेतलं.

निपाणीच्या वखारीतून तू यायचीस ती तंबाखूच्या खकाण्यानं माखून. नव्या बायकांना तिथं चक्कर, ओकारी ठरलेलीच. तंबाखू लागली म्हणायचं, चिंचगुळाचं पाणी पाजायचं, दुसऱ्या दिवशी बाई परत कामावर. त्यामुळं तुझं डोकं दुखायला लागलं, पोटात काही ठरेना, तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. अजून डोळ्यांपुढं आहे, तुझ्याबरोबर काम करणारी शेजारीण दारातून चेष्टा करते आहे, "आता लागली व्हय गं तंबाखू? काय नवी आलीयास कामाला?" तूही हसते आहेस, आणि तुझी थोरली, आक्का, चिंच कोळते आहे. पुढं तुला उजेड सोसेना. आक्का तुझी वेणी घालायला बसली, मान जरा खाली कर म्हणाली, तर मान वाकेना. आखडली असंल, म्हणालो. मग तू आमच्याकडंच परक्यासारखं बघायला लागलीस, आणि कुणी गाडी आणेपर्यंत सगळं संपलं.

यंदा लेकीचं डोकं तसंच धरलं. बारीक ताप, जेवलेलं उलटून पडायचं. आणि मी काय करावं? चिंच भिजत घातली. इथं हिंडलग्यात, ज्या घरात तंबाखूचं पानसुद्धा येत नाही, तिथं. शुक्रवारी देवीपुढं दिवा लावला आणि तिला पाया पड म्हटलं. तिनं हात जोडले, कमरेतून वाकली, पण मान ताठच. हनुवटी छातीकडं जाईना. मी पूजा तशीच टाकली आणि ह्यांना म्हणाले, रिक्षा बोलवा.

डॉक्टर म्हणाले, पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासावं लागेल. हे घाबरले. त्यानं पाय जातात म्हणे, पोरीचं लग्न व्हायचंय, दोन दिवस गोळ्या देऊन बघू. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. तिथं सगळ्यांसमोर म्हणाले, "थांबून थांबून माझी आई गेली. आता थांबायचं न्हाय." पाणी काढलं. मेंदूच्या आवरणाला टीबीची सूज निघाली. गोळ्या लई दिवस चालणार, पण पोर वाचली. काल तिनं आमटीत मीठ नाही म्हणून मला बोल लावला, तेव्हा मी देवीपुढं साखर ठेवली.

परवा तिला दाखवायला नेलं होतं. ह्यांना औषधं आणायला पाठवलं आणि डॉक्टरांना तुझं सगळं सांगितलं. न तपासता नक्की कसं सांगणार, पण तसंच वाटतंय, म्हणाले. मी विचारलं, "त्या काळी ह्याच्यावर औषध होतं का हो?"

"होतं की, मावशी." एवढं सहज.

मला "नव्हतं" असं ऐकायचं होतं, आई. तेवढ्यासाठीच तर विचारलं होतं.

आज सकाळी निपाणीहून आक्काचा फोन आला. ती आता फार थकलीय. पोरीची चौकशी झाली. शेवटी म्हणाली, "आईला बी ह्येच झालतं काय गं? आन् मी चिंच पाजत बसलो."

मी उपासतापास करणारी बाई. दुकानदाराकडून चार रुपये जास्त आले तरी परत नेऊन देते. आक्काला म्हणाले, "झालं असंल. पण तवा त्याच्यावर औषधच नव्हतं, आक्का."

ती रडली, मोकळी रडली. मग पोरीला ताक पाजत जा म्हणाली आणि फोन ठेवला.

देवीपुढं जाऊन क्षमा मागायला हवी. दिवस कलला, अजून गेले नाही. जाईनही, पण क्षमा मागेन असं वाटत नाही.