आत्या, आतोबा आणि एकतीस लेअर

१ मार्च, रविवार

आजपासून फोटो एडिटिंग शिकायचं. निर्णय पक्का. बासरीच्या वेळेस होता तसला नव्हे, खरा पक्का.

कारण तसंच आहे. आत्याच्या दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून आज भेटायला गेलो होतो. म्हणाली, आता सगळं कसं लख्ख दिसतंय, तुझे केस इतके गेलेत हे मला आत्ताच कळलं. मग कपाटातून एक फोटो काढला. ती आणि आतोबा, त्यांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर, दुकान उघडलं त्या दिवशी. आतोबांना जाऊन अकरा वर्षं झाली. दोघांचा एकत्र रंगीत फोटो हा एवढाच. ऐंशीव्या वाढदिवसाला तो मोठा करून भिंतीवर लावायचाय म्हणाली. नव्या डोळ्यांनी त्यांना एकदा नीट बघायचंय. कुणा चांगल्या माणसाकडे देऊ, असं तिने विचारलं. मी म्हणालो, घरात माणूस असताना बाहेर कशाला?

शेजारी बसलेल्या बायकोला का कोण जाणे खोकला आला.

वाढदिवस २९ तारखेला. अठ्ठावीस दिवस. लागलेच तर दहा लागतील.

२ मार्च, सोमवार

फोटो स्कॅन केला (बायकोने). पाहणी केली (मी).

निदान: फोटो लाल पडलाय. आतोबांचा शर्ट लालसर, आत्याचे गाल लालसर, सायकलचं हँडल लालसर, रस्तासुद्धा लालसर. व्हिडिओतले मास्तर म्हणतात की जुने रंगीत फोटो असेच लाल पडतात. उद्दिष्ट कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या वर चिकटवलं: लाल हटवणे.

बायको म्हणाली, आत्यांना फोन करून विचारा ना, तेव्हा कशाचा रंग काय होता. मी तिला समजावलं की डॉक्टर पेशंटला विचारून निदान करत नाही. ती म्हणाली, करतो की, कुठे दुखतंय ते आधी विचारतो. मी विषय वाढवला नाही. डोकं रंगांसाठी राखून ठेवायचंय.

४ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६:४०

लेअर! इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं कसं नाही?

मूळ फोटोला हात लावायचाच नाही. त्याच्यावर पारदर्शक काचा ठेवत जायचं. एका काचेत उजेड, दुसरीत रंग, तिसरीत आणखी काही. पटलं नाही की काच काढायची, खाली फोटो जसाच्या तसा. प्रत्येक लेअरशेजारी एक छोटा डोळा असतो. त्याच्यावर क्लिक केलं की लेअर लपतो, पुन्हा केलं की येतो. मास्तर याला नॉन-डिस्ट्रक्टिव्ह म्हणतात. मी याला माणुसकी म्हणतो.

ऑफिसात साहेबांनी माझ्या पत्रावर लाल पेनाने काटाकूट केली, तेव्हा त्यांना सुचवलं की दुरुस्त्या वेगळ्या पारदर्शक कागदावर कराव्यात, म्हणजे मूळ पत्राला धक्का लागणार नाही. साहेब म्हणाले, मूळ पत्राला धक्का लागावा हाच हेतू आहे.

५ मार्च, गुरुवार

लेअर सहा. शर्टाला निळा रंग दिला, कारण आतोबा निळ्या शर्टाचेच वाटायचे. बंद करताना प्रोग्रॅमने काहीतरी विचारलं. घाईत होतो, हो म्हणालो.

संध्याकाळी उघडलं तर सहाही काचा फोटोला चिकटलेल्या. काही निघेना. आतोबांचा शर्ट कायमचा निळा, आणि थोडा कानही.

म्हणजे तत्त्व बरोबर आहे, प्रोग्रॅम कच्चा आहे. बायकोने पहिल्याच दिवशी स्कॅनची एक कॉपी दुसरीकडे ठेवली होती. का, विचारलं तर म्हणाली, लग्नाला सव्वीस वर्षं झाली म्हणून. उत्तराचा आणि प्रश्नाचा संबंध लागला नाही.

८ मार्च, रविवार

आत्याचा मूळ फोटो सापडत नाही!! टेबल, खण, गाद्यांच्या खाली, बुटांच्या कपाटात, सगळीकडे शोधला. दीड तास गेला. दुसरा प्रिंट नाही. आत्याला काय तोंड दाखवू?

बायको बाजारातून आली. फोटो तिच्या कपाटात, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. स्कॅन झाल्याझाल्या उचलून ठेवला म्हणाली, कारण तुम्ही त्याच्यावर चहाचा कप ठेवत होतात.

तो कप रिकामा होता, याची नोंद असावी.

१२ मार्च, गुरुवार

लेअर सतरा. आता हात बसलाय. मास्कही शिकलो. मास्क म्हणजे रंग कुठे लागावा आणि कुठे लागू नये याचं कुंपण. आत्याच्या चेहऱ्याभोवती कुंपण घालायला तीन दिवस लागले. नाक बाहेर राहिलं.

मुलगी कॉलेजातून आल्यावर पाठीमागे उभी राहिली. लेअरची नावं वाचून हसत सुटली. ‘शेवटचा’, ‘शेवटचा कॉपी’, ‘खरा शेवटचा’, ‘हा नको’, ‘हाच’. बाबा, काय कशात आहे ते तुम्हाला तरी कळतं का, म्हणाली. म्हटलं, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तुझ्या आईने नावं लिहिली आहेत का? म्हणाली, हो, सगळ्यांवर. जाऊन पाहिलं. खरंच लिहिली आहेत. कधी लिहिली?

१५ मार्च, रविवार

ऐतिहासिक दिवस. लालचा मागमूस नाही! स्क्रीनवर दोघं अशी दिसतात की जणू काल फोटो काढलाय. डोळे भरून आले. पेन ड्राइव्ह घेऊन लॅबमध्ये गेलो, नमुन्याला छोटा प्रिंट मागितला.

लॅबवाल्याने प्रिंट उजेडात धरला आणि विचारलं, फार थंडी होती का त्या दिवशी?

आतोबा निळे. आत्या निळी. सायकल जांभळी. दोघांना नुकतंच विहिरीतून काढल्यासारखं. मी लॅबवाल्याला शांतपणे सांगितलं की तुमच्या मशिनची शाई तपासा. त्याने शांतपणे दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा प्रिंट दाखवला. त्यातली माणसं माणसांच्या रंगाची होती.

योगायोग.

१६ मार्च, सोमवार

मुलीने अर्ध्या मिनिटात शोधून काढलं. मी पहिल्या दिवशी डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीनची एक सोय चालू केली होती. त्या सोयीने अख्खा स्क्रीनच तांबूस दिसतो. म्हणजे मी दोन आठवडे फोटोबरोबर स्क्रीनचाही तांबूसपणा काढत होतो.

मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही काच नाही, चष्मा पुसायला हवा होता. आईवर गेलीये.

सगळं नव्याने. मुलीने दोन तासांत करून देते म्हटलं. नको म्हणालो. आतोबांनी मला सायकल शिकवली. मागून धरलंय म्हणायचे आणि धरलेलं नसायचं. हा फोटो मीच करणार.

२२ मार्च, रविवार

लेअर एकतीस. सगळे एका ग्रुपमध्ये ठेवले, ग्रुपला एकच डोळा. हे मुलीने सुचवलं, पण मनात माझ्याही होतं.

या वेळी स्क्रीन तपासला, प्रिंट काढून तपासला. शर्ट पांढरा, रस्ता राखाडी, आत्याचे गाल गालांसारखे. बायको चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, छान झालाय हो. मग म्हणाली, पण हे दोघं उन्हात उभे आहेत का सावलीत? मला तेवढं कळलं नाही. आत्यांना विचारू या का?

पुन्हा तेच! कलाकार विचारत बसला तर संपलंच. तरी ‘छान झालाय हो’ हे सव्वीस वर्षांत तिसऱ्यांदा. बाकीची दोन कशाबद्दल होती ते आठवत नाही.

२६ मार्च, गुरुवार

फाइल लॅबला दिली. लॅबवाल्याला वाटलं असेल पुन्हा निळी माणसं आणली. त्याच्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवली. तो चकित. मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकंही वाकून बघायला लागली. मग राहवलं नाही. ग्रुपच्या डोळ्यावर क्लिक करून म्हटलं, आता बघा आधी काय होतं! लालभडक! तिघांनी अरे बापरे म्हटलं. एक बाई म्हणाल्या, केवढी मेहनत. त्यांना मास्कविषयी थोडं समजावलं, त्या निघाल्या तर दारापर्यंत जाऊन उरलेलं समजावलं. परत आलो तेव्हा लॅबवाल्याने सेव्ह करून फाइल मशिनला पाठवलीसुद्धा होती. कामाचा माणूस. त्याच्याविषयीचं मत बदललं.

२८ मार्च, शनिवार

फ्रेम आली. मोठी, जड, खाकी कागदात बांधलेली. बायको म्हणाली, एकदा उघडून बघू. मुलगी म्हणाली, बाबा, बघा हं. मी उघडू दिली नाही. पहिली नजर आत्याचीच पडली पाहिजे. शिवाय गाठ छान बसली होती.

२९ मार्च, रविवार. संध्याकाळ

आत्याकडे सगळे जमले होते, अठरावीस जण. मी आधी दोन शब्द बोललो. एकतीस लेअर, महिनाभराचे कष्ट, मूळ फोटोला न लागलेला धक्का. मग आत्याने कागद फाडला.

लाल. शर्ट लाल, गाल लाल, रस्ता लाल. स्कॅन केला होता तसा. एक लेअर नाही. लॅबमध्ये डोळा मी बंद केला होता, उघडला नव्हता.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मुलीने छताकडे पाहिलं. मी दाराकडे पाहत होतो.

आत्या फ्रेम मांडीवर घेऊन वाकून बघत होती. मग आतोबांच्या शर्टावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ताडपत्री!

कुणालाच कळेना. तिने सांगितलं. दुकानाला त्या दिवशी छप्परच नव्हतं. शेजारच्या गादीवाल्याकडून एक लाल ताडपत्री मागून आणून वर, पार पुढच्या रस्त्यापर्यंत बांधली होती. भर दुपारचं ऊन तिच्यातून झिरपत होतं आणि खाली उभा राहील तो माणूस लाल. फोटोवाला सारखा म्हणत होता, दोघं उन्हात या, रंग बिघडतोय. आतोबा म्हणाले, उन्हात कशाला, आज स्वतःच्या सावलीत उभं राहायचंय. सांगताना आत्या हसत होती आणि नव्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मोतीबिंदूमुळे इतकी वर्षं तिला त्या फोटोत नुसतं मळकट दिसायचं. मला म्हणाली, धाकधूक होती रे, तू तो लाल धुऊन टाकशील म्हणून. तुला बरं कळलं, काही करायचं नाही ते.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात बायकोने त्यात केकचा मोठा तुकडा घातला.

निघताना आत्याने बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा हातात दिला. आत एकशे बारा जुने फोटो. म्हणाली, यांनाही अगदी असंच कर.

हो म्हणालो. उद्यापासून सुरुवात. स्कॅन बायको करेल. बाकीचं सगळं मी.