दसऱ्याच्या पाटावरचे पासपोर्ट

प्रिय अस्मी,

तुझी लांबलचक मेल दोनदा वाचली. तुझं इंग्रजी फाडफाड, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी आईला विचारावं लागलं. ज्या इंग्रज व्यापाऱ्याच्या नावाची शिष्यवृत्ती घेऊन तू ब्रिस्टलला शिकतेस, त्याचा पैसा जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून आला होता, हे तुला जुन्या कागदांत सापडलं. तो स्वतः तिकडे कधी गेलाही नाही. घरी बसून मळेवाल्यांना कर्ज द्यायचा आणि तारण म्हणून गुलाम लिहून घ्यायचा. आता तू शिष्यवृत्ती परत करणार. आई म्हणाली, पोरगी बापावर गेली, हट्टी. मला मात्र तुझा अभिमान वाटला, अगदी खरा.

पण त्या तारणाच्या यादीतली तू उतरवलेली ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. आधी खेचरं, मग फीबी आणि क्वाको, मग रस आटवायच्या कढया. मधली दोन माणसं होती.

इथे आखातात, अल नहदाच्या घरातला आपला दसरा आठवतो? पाटावर मी नट-बोल्टचे पाने, हातोडा, टेस्टर मांडायचो आणि शेजारी माणसांचे पासपोर्ट. फुजैराच्या तेलाच्या टाक्या साफ करायला मी गावाकडून आणलेली एकतीस माणसं. सात वर्षांची तू प्रत्येक पासपोर्टला कुंकवाचं बोट लावत होतीस आणि मी कौतुकाने फोटो काढत होतो. हत्यारांची पूजा ना ती! कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवायचा नाही हा इथला कायदा मला पक्का ठाऊक होता. हरवाल रे, माझ्याकडे नीट राहतील, असं सांगायचो. सगळे गावचेच, मला भाऊ म्हणणारे, विचारणार कोण? कपाटाची किल्ली माझ्या खिशात असायची. पुढे पासपोर्ट परत केले, तेही तपासणी येणार असं कळलं म्हणून.

तुला खजूर आणून देणारा तुकाराम आठवत असेल. त्याची आई अत्यवस्थ झाली तेव्हा टाकीचं काम सहा दिवसांत उरकायचं होतं. तो पासपोर्ट मागायला आला. मी त्याला चहा पाजला, इन्शाल्ला शुक्रवारी पाठवतो म्हणालो आणि कपाट उघडलं नाही. त्याची आई बुधवारी गेली. काम शुक्रवारच्याही पुढे लांबलं, तो दहाव्याला पोचला. परत येताना आपल्यासाठी कोकमं घेऊन आला आणि मला एका शब्दाने बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मेलच्या शेवटी तू लिहिलंस, की यापुढची फी बाबांनी भरावी, त्यांचा पैसा तरी स्वच्छ आहे. आई लगेच बँकेत निघाली होती, मीच थांबवलं. त्या मळ्याशी मी माझी बरोबरी करत नाही. माझी माणसं पगार घेत होती, आपल्या मर्जीने आली होती. पण मर्जीने परत जायची सोय मी कुलपात ठेवली होती. हे कळल्यावरही मागितलेस तर त्याच दिवशी पैसे पाठवीन. नाही मागितलेस तर तुझं शिक्षण माझ्यापायी अडेल, तेही सोसेन. फक्त तुकारामासारखी गप्प बसू नकोस. काय वाटेल ते बोल पोरी, पण बोल.

तुझ्या उत्तराला घाबरणारा, तरीही त्याचीच वाट पाहणारा,
तुझाच
बाबा