नाव वळवण्याचे तीन पर्याय

४ डिसेंबर
पासवर्ड चौथ्यांदा चुकला. पाचव्यांदा लागला. आत वेबसाइटचे फक्त नाव, म्हणजे पत्ता; पान दुसरीकडे, आमच्या हातात नाही. पान ज्याने बनवले त्या नागपूरच्या माणसाचा फोन आठ दिवस बंद. बाबांविषयी लिहिलेली एक ओळही बदलता येत नाही.
बाबा सानगडीच्या बाजारातून हरवले, त्याला एकोणीस दिवस.
पहिल्या पत्रकावर दादाचा नंबर होता. 'म्हातारा आमच्याकडे आहे, आधी पैसे टाका' असे फोन येत. म्हणून दुसऱ्या पत्रकावर फक्त वेबसाइटचा पत्ता, नंबर आतल्या पानावर. साकोलीपासून तुमसरपर्यंत ती चिकटली आहेत.

५ डिसेंबर
शहापूरहून हायवेवरच्या चहावाल्याचा फोन.
"बाई, असाच म्हातारा परवा माह्या टपरीवर बसून होता. पत्रक होतंच, मोबाइलवर पान काढून पाह्यलं. नाव इचारलं तं म्हणे मंगरू. तुमच्या पानावर तं सिद्धार्थ मास्तर. म्हटलं, दुसरा असन. चहा पाजला, गाडीत बसवून देलो."
"कोणत्या?"
"भंडाऱ्याच्या. पुढं कुठं गेला, काय मालूम."
मंगरू. दीक्षेच्या आधीचे नाव. बाबा तेव्हा आठ वर्षांचे. शेताचे मालक 'मंगऱ्या' म्हणून हाक मारत. आजोबांनी शाळेत सिद्धार्थ लिहवले, तेव्हापासून जुने नाव घरात कोणी काढायचे नाही. गेले सहा महिने, विसरायला लागल्यापासून, बाबा स्वतःच काढत होते. आम्ही दर वेळी दुरुस्त करत होतो.
पानावर मी शाळा लिहिली, पदवी लिहिली, पुरस्कार लिहिला. विचारणाऱ्याला ते काय सांगतील, ते नाही लिहिले. मराठी शिकवते मी.

६ डिसेंबर
विहारात अभिवादन. बाबांची जागा कोणी घेतली नाही.
परतताना सांगितले : नवे पान करते, दोन्ही नावे घालून. पत्रकावरचा पत्ता तिकडे वळवते.
दादा : "ते नाव जगाले दाखवशील? बाबा आल्यावर त्यायले तोंड कसं दाखवशील?"
आई : "आधी येऊ तं दे त्यायले."


७ डिसेंबर
नवे पान तयार. पत्ता वळवायचे पर्याय तीन. कायमचे : मोबाइल ते लक्षात ठेवतो, चुकले तर लवकर सुटत नाही. तात्पुरते : केव्हाही बदलता येते. झाकून : वर जुना पत्ता तसाच, आत नवे पान.
दादा म्हणाला, तिसरे. "पत्रकावरचाच पत्ता दिसला पाह्यजे. नाही तं लोकायले वाटन फसवाफसवी हाय."
पटले. केले.

८ डिसेंबर
आईच्या मोबाइलवर उघडून पाहिले. फोटो अर्धा. कपाळ, चष्मा, संपले. पान खाली सरकत नाही. जुने नाव खालीच राहिले, दिसत नाही. नंबरवर बोट दाबले तर फोन लागत नाही. पूर्ण एक दिवस हे असे दिसत होते.
वेबसाइटचे नाव जिच्याकडून घेतले त्या कंपनीला फोन. तिकडून बाई : "मॅडम, टेम्पररी कर दो. लेकिन सब जगह दिखने में दो दिन लग सकते हैं."
लवकर नाही का होत? विनवले.
"नहीं होता, मॅडम." थांबली. "कौन गुम है?"
वडील.
"मिल जाएँगे."
तिला काय माहीत. तरी फोन ठेववेना.
तात्पुरते केले.

९ डिसेंबर
माझ्या मोबाइलवर नवे पान. दादाच्यावर अजून अर्धा फोटो. दर पंधरा मिनिटांनी दोघेही पाहतो. आई म्हणाली, "काहून पाहून राहिले सारखे? पाह्यल्यानं येते का माणूस?"
जेवण नाही. थंडी वाढली. बाबा गेले तेव्हा अंगात फक्त सदरा.
दुपारी दादा उरलेली पत्रके घेऊन बसला. प्रत्येकावर पेनाने काहीतरी लिहीत होता. जवळ गेले. सिद्धार्थ मास्तरच्या खाली, मंगरू. अक्षर शाळेतल्यासारखे, सावकाश. "तुह्यासाठी नाही लिहीत," म्हणाला.

१० डिसेंबर
सकाळी साडेसहाला आंबागडहून एका बाईचा फोन. ओसरीत कोणी म्हातारा आहे. मास्तर म्हटले तर पाहत नाही, मंगरूभाऊ म्हटले तर मान वर करतो. चष्मा नाही. तिने फोटो पाठवला : चेहरा शालीत, एक कान दिसतो. आईला दाखवला. तिने मोबाइल डोळ्यांजवळ धरून तो कान पाहिला. मंगरू नावाचे म्हातारे या जिल्ह्यात थोडे नाहीत. दादा सात वाजता मोटारसायकलवर निघाला. दहा वाजले. त्याचा फोन आलेला नाही.