ज्या सणाला बाया रडायला येत नाहीत

माय,

तुझे जावई आषाढात गेले. आता दिवाळी तोंडावर आली आहे. पोळ्याला-दसऱ्याला आता कोणी येत नाही, पण ते गेल्यानंतरचा हा पहिला मोठा सण, म्हणून भाऊबंदांतल्या बाया पाडव्याला सकाळी धुळ्याला, आमच्या देवपूरच्या घरी येणार आहेत, रडायला. मोठ्या जाऊबाईंनी तसा फोन केला. मी बरं म्हटलं. अडचण एवढीच आहे की मला अजून रडू आलेलं नाही. दवाखान्यात आलं नाही, त्यांना घरातून नेलं तेव्हा आलं नाही, दहाव्यालाही नाही. दहाव्याला कोणीतरी मागून म्हणालं, धक्का बसला आहे, येईल हळूहळू. मला धक्का बसल्यासारखंही काही वाटत नाही. मी वेळेवर उठते, दोन पोळ्या करते, एक उरते. मग टीव्ही लावते आणि दुपारभर नाताळचे इंग्रजी पिच्चर बघते. तेच, बर्फातले, लग्न जुळण्याचे. नात घरी आली होती, ती हसली. म्हणाली, "आजी, अगं सगळ्यांत एकच गोष्ट असते, आणि अजून तर दिवाळीसुद्धा झाली नाही." मी म्हटलं, असू दे. तिला तुझी गोष्ट सांगावी असं मनात आलं, पण सांगितली नाही. म्हणून तुला लिहायला बसले.

आबा गेले तेव्हा मी अकरावीला होते आणि आपण भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. ते डबा घेऊन लोकोशेडमध्ये गेले, छातीत दुखलं म्हणून बाकावर बसले आणि बसलेलेच राहिले. तो उन्हाळा होता. मग पोळा आला. पोळ्याच्या दिवशी सकाळी तू चुलीपाशी काहीतरी करत होतीस, दार वाजलं आणि एरंडोलहून आत्या आली, तिच्या मागे सात-आठ बाया. तू होतीस तिथेच खाली बसलीस, पदर तोंडावर ओढलास आणि आत्याने सूर लावला, "मन्हा भाऊ रे, आते तुन्हा डबा कोन लई जाई रे!" बाकीच्यांनी तो उचलला. मी दाराशी उभी होते. बराच वेळ रडून झाल्यावर आत्याने नाक पुसलं आणि त्याच तोंडाने म्हणाली, "चहामा साखर कमीच टाकजो व, माले शुगर शे." दसऱ्याला तसंच झालं. दिवाळीला तसंच. घरात तळण नाही, गोड नाही, कंदील नाही. प्रत्येक सण दुरून दिसायला लागला की मी दाराच्या आवाजाकडे कान लावून बसायचे. तुला काय वाटायचं ते मला माहीत नाही. तू कधी बोलली नाहीस.

दिवाळीनंतर तुला आबांच्या जागी रेल्वेच्या हॉस्पिटलात आयाची नोकरी मिळाली. तिथे त्या सिस्टर होत्या, नगरकडच्या, मराठी ख्रिश्चन, उंच आणि मोठ्या आवाजाच्या. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. त्यांचा भाऊ जहाजावर होता, त्याने त्यांना व्हीसीआर आणून दिला होता आणि पेटीभर कॅसेट. सिस्टरनी तुला नाताळला घरी बोलावलं. तू नाही म्हणालीस, आमच्या घरी वर्षाचं सुतक आहे, सणाच्या घरात आम्हाला पाय ठेवता येत नाही. नाताळच्या संध्याकाळी सिस्टर स्वतः आपल्या क्वार्टरवर आल्या. चप्पल न काढता दारातच उभं राहून म्हणाल्या, "बाई, तुमचं सुतक आमच्या सणाला लागतं का, ते कोणत्या भटाला विचारू? आमचा पाद्री तर म्हणतो, लागत नाही." तू चुलीवरचं पातेलं उतरवलंस. मग मला म्हणालीस, "वेणी घाल." एवढंच.

त्यांच्या दारावर कागदाची चांदणी होती, आत बल्ब लावलेला. ताटात केक होता, पण करंज्याही होत्या, शंकरपाळेही. तू एक करंजी उचलून उलटसुलट करून बघितलीस. "ह्या तर आपल्याच शेतस," म्हणालीस. सिस्टर म्हणाल्या, "मग काय विलायतेहून आणू?" त्या वर्षीची पहिली करंजी मी डिसेंबरात खाल्ली. आणि मग ते झालं, जे आठवून मी नंतर किती वर्षं एकटीच हसत असे. बाहेर पावलं वाजली, दार उघडं होतं, आणि दारात दहा-बारा बाया आणि दोन-तीन पुरुष येऊन उभे राहिले, बायांच्या डोक्यावरून पदर, सगळ्यांचे चेहरे गंभीर. चर्चची गाणारी मंडळी होती, घरोघर जायची. तू बघितलंस. सणाचा दिवस, दारात बाया. तू खुर्चीवरून उठून सरळ फरशीवर बसलीस, पदर ओढलास आणि रडायला लागलीस. मोठ्याने, सूर लावून. गाणाऱ्यांचा तोंडातला सूर तोंडातच राहिला. एका म्हाताऱ्या बाईने घाबरून हातातलं पुस्तक मिटलं. सिस्टर धावत आल्या, "अहो बाई, अहो, ते रडायला नाही आले, गायला आलेत!" तू पदर खाली केलास. गाल ओले होते, खरोखरच ओले. तू त्या सगळ्यांकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि तुला हसू फुटलं. आबा गेल्यापासून मी तुझे दात बघितले नव्हते. तू हसता हसता डोळे पुसत म्हणालीस, "डोयाले काय समजस? बाया दिसन्या का लागनात वाहाले." मग ती मंडळी गायली, आणि तू खालीच बसून ऐकलंस.

पिच्चर त्यानंतर लागला. परदेशातल्या टीव्हीवरून कोणीतरी भरून घेतलेला होता, मधेमधे साबणाच्या आणि सूपच्या जाहिराती तशाच राहिलेल्या. शहरात ऑफिसात काम करणारी एक मुलगी असते, ती सणासाठी एका लहान गावात येते, बर्फ पडून रस्ता बंद होतो, आणि तिथे पावाची भट्टी चालवणाऱ्या एका माणसाशी तिचं आधी भांडण होतं आणि मग जमतं. सिस्टर अर्थ सांगायला लागल्या, तर तू हात वर केलास, "थांबा सिस्टर, माले समजी राहिनं." आणि मग तूच बोलायला लागलीस, पिच्चरमधल्या दोघांच्या वतीने, आपल्या बोलीत. "तो तिले म्हनस, तुन्हा शहरमा काय ठेवेल शे? ती म्हनस, तुन्हा गावमा तरी काय शे रे, नुसता बर्फ!" सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, "बाई, खरं सांगू? तो असलंच काहीतरी म्हणाला."

त्यानंतर जवळजवळ दर रविवारी तू जायचीस. तेच ते पिच्चर होते, नाताळ कधीचा होऊन गेला तरी तू तेच मागायचीस. मी एकदा वैतागून विचारलं, शेवटी काय होणार हे पहिल्यापासून माहीत असतं, मग बघायचं कशाला? तू मेथी निवडत होतीस. म्हणालीस, "माहीत ऱ्हास म्हनीसन." आपल्या घरी काय होणार ते कुठे माहीत होतं, असं तू म्हणाली नाहीस, पण मी तसं ऐकलं. मग थोड्या वेळाने आपणहून म्हणालीस, की त्या भट्टीवाल्याची बायको मेलेली आहे ना, भिंतीवर फोटो आहे. "ज्याले मरानं व्हतं तो पयलेच मरी जायेल शे. पिच्चर चालू व्हवाना पयले. आते कोनी मरत नहीं." मला तेव्हा त्याचं विशेष काही वाटलं नाही. पुढे मी बघत गेले तर खरंच तसं होतं. कोणाची बायको, कोणाचा नवरा, कोणाचे वडील, सगळे आधीच गेलेले. राहिलेल्यांना फक्त झाड सजवायचं, बर्फात पडायचं, आणि शेवटी एकमेकांजवळ यायचं असतं.

संक्रांतीला आत्या आली तेव्हा तिला कॉलनीतल्या कोणीतरी सांगितलं होतंच. रडणं झालं, चहा झाला, आणि ती बोलली. "नवरा जाईसन वरीस व्हयनं नहीं आनि हाई बाई परक्याना घर जाईसन पिच्चर पाही राहिनी. पोर लगननी शे. लोके काय म्हनतीन?" मी आतल्या खोलीत होते. मला वाटलं तू आता जाणं बंद करशील. तू बशी विसळायला घेतलीस आणि हळूच म्हणालीस, "अक्का, तुम्ही या. जव्हय सन ई तव्हय या. मी बससू, रडसू. पन त्या सनले मन्हा घरनं कोनी मरेल नहीं. तो सन माले ऱ्हाऊ द्या." आत्याने आपली पिशवी उचलली. जाताना तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि तुझ्याकडे न बघता रिक्षात बसली. पुढच्या रविवारी तू गेलीस. आत्या पुढच्या सणालाही आली, तूही बसलीस, आणि दोघींनी तो विषय पुन्हा काढला नाही. आत्या बोलली तसं माझं लग्न कुठे अडलं नाही. धुळ्याचं स्थळ आलं, तू पसंत केलंस. सिस्टर निवृत्त होऊन नगरला गेल्या, व्हीसीआर त्यांच्याबरोबर गेला, आणि तू पुन्हा कधी कोणाकडे पिच्चर बघायला गेली नाहीस. पुढे तूही आबांच्या मागे गेलीस, तेव्हा मी खूप रडले. सणाची वाट बघावी लागली नाही.

आता मीही तुझ्यासारखीच बघते, फक्त त्यांच्या वतीने बोलत नाही. खाली मराठीत अक्षरं येतात, ती वाचते. तुला त्यात जे सापडलं ते मला सापडेल असं वाटलं होतं. थोडं सापडतंही. दोन तास काही होत नाही, हे बरं वाटतं. पण माझी नजर पिच्चरमधल्या बाईवर राहत नाही, माय. ती भिंतीवरच्या, तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या फोटोकडे जाते. कसा होता तो, चिडका होता का, चहा बशीत ओतून प्यायचा का, दाराची कडी दोनदा तपासायचा का. कोणी सांगत नाही. त्याला एक वाक्यसुद्धा दिलेलं नसतं. परवा एका पिच्चरमध्ये तिने तो फोटो काढून कपाटात ठेवला, छान संगीत वाजत होतं, आणि मी टीव्ही बंद करून ओट्यावरची भांडी आदळली. एक वाटी चेपली. रडू आलं नाही, पण इतक्या महिन्यांत काहीतरी आलं.

म्हणून मी काल जाऊबाईंना फोन केला. म्हटलं, पाडव्याला नक्की या, सगळ्यांना घेऊन या. त्यांना बरं वाटलं, म्हणाल्या, मन मोकळं होईल गं. मन मोकळं करायला मी बोलावलेलं नाही. बाया रडताना माणसाचं सांगतात, त्याचा डबा, त्याचे जोडे, त्याचा राग. मला तेवढं ऐकायचं आहे. त्या देवमाणूस म्हणायला लागल्या तर मी मधेच बोलणार आहे. हिला रडू येत नाही आणि वर बोलते आहे, असं म्हणतील. म्हणू देत.

हे पत्र घडी करून कपाटात ठेवीन, ते कुठे जाणार. एक तेवढं तुला सांगते, जाऊबाईंना सांगता येणार नाही. ते गेल्यापासून या घरात त्यांचं नाव कोणी घेतलेलं नाही, सगळे "ते" म्हणतात किंवा गप्प बसतात. मी तर लग्नातला उखाणा सोडला तर जन्मात घेतलं नाही, तू तसंच शिकवलं होतंस. आज दुपारी घरात कोणी नव्हतं तेव्हा मी त्यांना नावाने हाक मारली. नीट जमली नाही, शेवटचं अक्षर आतच राहिलं.